तीन कुलपांची पेटी

इंग्लंडमधल्या खेड्यांत जुन्या चर्चमध्ये शिरलं की पुष्कळ ठिकाणी एका कोपऱ्यात ओकच्या लाकडाची अवजड पेटी दिसते. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, झाकणावर तीन कुलपांची सोय केलेली. आता ती बहुधा रिकामी असते, नाहीतर तिच्यात प्रार्थनेची जुनी पुस्तकं पडलेली असतात. पण तीनशे वर्षं गावाचं सगळं दप्तर याच पेटीत असे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. १६०३ च्या चर्चच्या नियमांनी तिसरं कुलूप आलं. एक किल्ली धर्मगुरूकडे, बाकीच्या दोन दोघा चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघांपैकी एकालाही एकट्याने पेटी उघडता येऊ नये, असा हिशेब होता.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, वाड्यावस्त्यांसकट. पण ही हद्द नुसती प्रार्थनेपुरती नव्हती. गरिबांसाठी कर गोळा करायचा आणि तो वाटायचा, तोही याच हद्दीत. त्यामुळे पेटीत दोन जातींचे कागद साठत गेले. एक जन्म-लग्न-मरणाच्या नोंदवह्या, दुसरे पैशांचे कागद. आपल्या घराण्याचा शोध घेणारी माणसं बहुतेक वेळा पहिल्या गठ्ठ्यापाशी थांबतात. माझं मत असं की खेड्यातल्या गरिबाचं आयुष्य दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. जमीनदाराचं नाव दस्तऐवजात असतं, धर्मगुरूचं दगडावर कोरलेलं असतं. शेतमजुराला मात्र, याला पोसायचं कुणी असा वाद उभा राहिला तेव्हाच कुणीतरी समोर बसवून विचारलं, की तू कुठला, कुणाचा, कुठे कुठे राबलास. आणि उत्तर लिहून घेतलं.

तरी सुरुवात नोंदवह्यांपासूनच करावी लागते, आणि तिथे पाय घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. १५३८ पासूनच्या वह्या फार थोड्या गावांत उरल्या. १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्यांची चर्मपत्रावर नक्कल करायचा हुकूम झाला, त्यात पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी विशेषकरून उतरवाव्यात असं म्हटलं होतं. नक्कल करणाऱ्यांनी तेवढंच केलं, म्हणून असंख्य वह्या १५५८ पासून सुरू होतात. त्याच सुमाराला दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. मूळ वही भिजली, उंदरांनी खाल्ली किंवा एखादं पान फाटलं, तर ही बिशपची प्रत उपयोगी पडते. दोन्ही असतील तर दोन्ही पाहाव्यात. पुष्कळदा एकीत आडनाव वेगळं असतं, तर दुसरीत बापाचा धंदा जादा लिहिलेला सापडतो. १६४० नंतरच्या यादवीच्या वीसेक वर्षांत मात्र वह्यांना भगदाडंच आहेत.

सर्वांत जास्त गोंधळ वर्षाचा होतो. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा, एका जोडप्याचं लग्न जून १७२० मध्ये नोंदलेलं आहे आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये. वाचणारा चटकन म्हणतो, मूल लग्नाआधीचं. खरं तर तो फेब्रुवारी त्या जूनच्या नंतरचा आहे, आपल्या हिशेबाने १७२१ चा. अशी एक नोंद चुकीची वाचून घरातल्या एका बाईवर ठपका बसतो आणि पुढे तो छापील वंशावळीतही जातो. म्हणून जानेवारी ते २४ मार्चपर्यंतची तारीख टिपून घेताना १७२०/२१ असं जोडवर्ष लिहावं.

दुसरी गोष्ट नावांची. एखादं मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. वहीत जॉन मिळाला, वय जुळलं, बापाचं नाव जुळलं, म्हणून पुढे जाऊ नये. आधी दफनाच्या नोंदी उलटून तो जॉन लहानपणीच गेला नाही ना, हे पाहावं. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हेही तसंच. काही घरांत तीन-चार मुलांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला असतो, आणि त्यात थोरला सात वर्षांचा असू शकतो. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा सरकारी कर होता. गरिबांना तो माफ होता, म्हणून काही वह्यांत नावापुढे गरीब असल्याची खूण दिसते. ती खूण म्हणजे खरंच दारिद्र्य, की धर्मगुरूने दाखवलेली दया, हे ओव्हरसियरचा, म्हणजे गावात मदत वाटणाऱ्याचा, हिशेब पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. १८१३ पासून छापील रकाने आले, बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण येऊ लागलं, आणि काम सोपं झालं.

आता दुसरा गठ्ठा.

१६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपले गरीब पोसण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी दरवर्षी ओव्हरसियर नेमत. हा पगारी नोकर नव्हे. गावातलाच एखादा शेतकरी किंवा दुकानदार, ज्याच्या गळ्यात वर्षभरासाठी हे काम पडे. तो घराघरातून कर गोळा करी आणि मदत वाटी. त्याचे हिशेब वाचताना गाव डोळ्यांपुढे उभं राहतं: अमक्या विधवेला आठवड्याचे दोन शिलिंग, तमक्याच्या मुलाला बूट, कोळसा, सदऱ्याचं कापड, सुइणीचे पैसे, शवपेटीचे पैसे, प्रेत वाहणाऱ्यांच्या बिअरचे पैसे. १६९७ ते १८१० या काळात मदत घेणाऱ्याने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचं अक्षर शिवून हिंडावं, असा कायदा होता. गरीब म्हणून एक अक्षर आणि सोबत पॅरिशच्या नावाचं आद्याक्षर.

पण 'आपले गरीब' म्हणजे कोण? सगळं घोडं इथे अडलं. १६६२ च्या कायद्याने ठरवलं की प्रत्येक माणसाचं एक हक्काचं गाव असतं, आणि मदत फक्त तिथेच मिळते. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहायला आलेल्या आणि उद्या गावावर बोजा होईल अशा नवख्याला, चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून, दोन मॅजिस्ट्रेटांच्या सहीने त्याच्या हक्काच्या गावी परत पाठवता येई. हक्काचं गाव बदलण्याचे मार्ग १६९१ मध्ये पक्के झाले: गावचा कर भरणं, गावचं एखादं पद वर्षभर सांभाळणं, शिकाऊ उमेदवारी, आणि अविवाहित गड्यासाठी एक पूर्ण वर्षाची चाकरी.

हा शेवटचा मार्ग शेतमजुरांचा. दक्षिणेकडे २९ सप्टेंबरच्या मायकलमसला आणि उत्तरेत ११ नोव्हेंबरच्या मार्टिनमसला सालगड्यांचे बाजार भरत. धनगर टोपीला लोकरीचा झुपका लावून उभा राही, गाडीवान चाबकाची दोरी लावी. सौदा ठरला की मालक हातावर इसार म्हणून नाणं ठेवी. वर्ष पुरं भरलं की गड्याला त्या गावाचा हक्क मिळे. आणि गावकऱ्यांना नेमकं तेच नको असे. म्हणून सालगडी ठेवायचा तो एक्कावन्न आठवड्यांसाठी, अशी पळवाट सर्रास निघाली. वर्ष भरायला चार-पाच दिवस असताना त्याला सुट्टी द्यायची, किंवा किरकोळ भांडण काढून हिशेब चुकता करायचा. घरात सांगत आलेले असतात, की 'आजोबांचे आजोबा फिरते होते, एका जागी टिकत नसत.' कागद पाहिला की कळतं, त्यांना टिकूच दिलं जात नव्हतं.

माणूस मदत मागायला आला की त्याला मॅजिस्ट्रेटांपुढे उभं करून शपथेवर जबाब घेत. या कागदाइतकं मोलाचं इंग्लंडच्या खेड्याच्या इतिहासात मला दुसरं काही वाटत नाही. साधारण एक पान, कधी दीड. वय अंदाजे. जन्म कुठे झाला, 'आईबापांकडून ऐकल्याप्रमाणे'. बापाचं हक्काचं गाव कोणतं. पहिली चाकरी कितव्या वर्षी, कुणाकडे, कोणत्या सणापासून कोणत्या सणापर्यंत, पगार किती आणि पूर्ण मिळाला का. शेवटच्या चाळीस रात्री कुठे झोपला, कारण हक्क झोपण्याच्या जागेवरून ठरे. शेत दोन पॅरिशांत पसरलेलं असेल तर गड्याची खाट कोणत्या हद्दीत होती, इथवर कीस पाडत. मग लग्न कधी, कुणाशी, मुलांची नावं, वयं. खाली मॅजिस्ट्रेटांच्या वळणदार सह्या, आणि जबाब देणाऱ्याची बहुधा एक वाकडी फुली. जेमतेम तीस ओळींत माणसाची चाळीस वर्षं. हे काही त्याने मनापासून सांगितलेलं आत्मवृत्त नव्हे. विचारलं तेवढंच सांगितलेलं आहे, आणि कधी सोयीचं तेवढंच. पण तो ज्या रस्त्यांनी गेला त्यांचा नकाशा यावरून काढता येतो, आणि पुढची नोंदवही कोणत्या गावात शोधायची हे कळतं.

या कायद्याचा खरा जाच बायकांना झाला. लग्न झालं की नवऱ्याचं हक्काचं गाव तेच बाईचं. नवरा चाळीस मैलांवरच्या गावचा, पण दोघं संसार करत होती तिच्या माहेरच्या गावात. तो वारला, तिने मदतीसाठी हात पसरला, की तिला आणि मुलांना गाडीत घालून अशा गावी पाठवत, जिथे तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि जिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. १८४६ मध्ये कायदा थोडा नरमला. नवरा गेल्यावर बारा महिने विधवेला हलवायचं नाही, असं ठरलं. अविवाहित गरोदर मुलींची गत याहून वाईट. अनौरस मूल जिथे जन्मेल ते त्याचं हक्काचं गाव, म्हणून दिवस भरत आलेल्या मुलीला हद्दीपलीकडे ढकलायची घाई होई. १७९५ च्या कायद्याने प्रत्यक्ष मदत घेतल्याशिवाय कुणालाही हलवता येणार नाही असं ठरवलं, तेव्हाही या मुलींना सवलत मिळाली नाही. त्या आधीच गावावर बोजा आहेत असं धरलं गेलं. एखाद्या पूर्वजाचा बाप्तिस्मा घराण्याशी काही संबंध नसलेल्या गावात सापडतो आणि वंशावळ अडून बसते, तेव्हा हे कारण आधी तपासावं.

या वादाने नुसते कागद वाढले नाहीत, गावांचे आकार बदलले. जिथे सगळी जमीन एकाच मालकाची, तिथे त्याने मजुरांच्या झोपड्या पाडून टाकायच्या, नव्या बांधू द्यायच्या नाहीत. मजूर नाहीत तर गरीब नाहीत, गरीब नाहीत तर कर नाही. त्याच्या शेतावर राबणारे मग शेजारच्या मोकळ्या, म्हणजे अनेक मालकांच्या, गावातून रोज दोन-तीन मैल चालत येत. ते गाव दाटीचं, गलिच्छ आणि कराने वाकलेलं. १८६५ मध्ये कराचा भार एका पॅरिशवरून अनेक पॅरिशांच्या संघावर गेला, तेव्हा कुठे असं करण्यातला फायदा संपला. आज ज्या खेड्यांची छायाचित्रं दिनदर्शिकांवर येतात, विस्तीर्ण हिरवळ, चार देखणी घरं, एक चर्च, त्यांतल्या काहींच्या नीटसपणामागे हा इतिहास आहे. पर्यटकांना तो कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

मग घरातल्या आठवणींचं काय? कागद आला म्हणून त्या टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. ज्या कामाचे पैसे कुणी दिले नाहीत त्याचा कागद झाला नाही, आणि तिथे आठवणच कामी येते. सरवा वेचणं घ्या. कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं बायकामुलं वेचून आणत, आणि त्यातून घराचं काही आठवड्यांचं पीठ होई. १७८८ मध्ये सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या एका खटल्यात न्यायालयाने निकाल दिला, की सरवा वेचणं हा कायद्याने हक्क नाही. तरी प्रथा शंभर वर्षांहून अधिक काळ चालूच राहिली. पूर्वेकडच्या परगण्यांत शेतात एक पेंढी उभी ठेवत, तिला पोलीस म्हणत. ती उचलली की शेत खुलं. काही गावांत सकाळी चर्चची घंटा वाजल्यावरच वेचायला सुरुवात करायची, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना सारखीच संधी मिळे. मजुरीच्या वहीत यातलं काही सापडणार नाही. पण १८६२-६३ पासून शाळेच्या मुख्याध्यापकांना रोजनिशी ठेवणं बंधनकारक झालं, आणि तिच्यात सप्टेंबरच्या पानांवर उलट्या बाजूने तेच दिसतं: सरवा चालू, मुलं गैरहजर. मग बटाटे काढणं, पाखरं हाकणं, डुकरांसाठी ओकची फळं गोळा करणं. आजीची आठवण आणि मास्तरांची कुरकुर शेजारी ठेवली की चित्र पुरं होतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना सालं विचारू नयेत. 'हे कधी झालं?' म्हटलं की माणूस अंदाज ठोकतो. 'तेव्हा घोडे होते की ट्रॅक्टर?', 'पाणी कुठून आणत होतात?', 'चुलीवर भांडं कसलं?' असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. १९४७ चा बर्फाचा हिवाळा, १९५३ चा राज्याभिषेक हे टेकू पक्के असतात. त्यांच्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी पुरे. घराण्याच्या कथांत नाव आणि धंदा सहसा बरोबर असतो, पिढी चुकते. पणजोबांची गोष्ट आजोबांच्या नावावर जमा होते. आणि 'आपण खरे उमरावाचे वारस, इस्टेट हडपली' ही कथा इतक्या घरांत आहे की पुरावा मिळेपर्यंत बाजूला ठेवलेलीच बरी.

अशीच एक कथा बऱ्याच घरांत असते, की कुणी एक पोरगा फौजेत गेला आणि 'हिंदुस्थानात पुरला'. ही तपासता येते. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पेन्शनवर सुटलेल्या शिपायांच्या कागदांत जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. पण नोकरीत असतानाच मेलेला तिथे सहसा मिळत नाही, आणि शोधणारे इथेच हात टेकतात. त्याच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेचे हजेरीपट आणि दफनाच्या नोंदी पाहाव्या लागतात. इंग्लंडच्या एखाद्या खेड्यातून निघालेल्या पोराचा शेवटचा पत्ता खडकी, शिरूर किंवा अहमदनगर असू शकतो.

माणसांबरोबर जमीनही वाचावी लागते. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यरूपाने द्यायचा दशमांश रोख रकमेत बदलला, आणि त्यासाठी इंग्लंडच्या बहुतेक गावांची मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक शेताला क्रमांक, आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र. सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला हा तक्ता पाच मिनिटांत कळतो. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं: चाळीस पर्चचा रूड, चार रूडांचा एकर. एका गावचा नकाशा मिळत नसेल तर तो हरवला असं लगेच धरू नये. मिडलंड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातल्या, पुष्कळ गावांत सामाईक शिवार आधीच कुंपण घालून वाटलं गेलं, तेव्हाच दशमांशाच्या बदल्यात चर्चला जमीन दिली गेली. तिथे पुढे मोजणीचं कारणच उरलं नाही. अशा गावासाठी त्या वाटपाचा निवाडा शोधावा. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने कुंपणाचे ५,२०० हून अधिक कायदे केले.

नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्सटन मात्र या कुंपणातून वाचलं. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तिथली तीन मोठी शिवारं अजून पट्ट्या-पट्ट्यांनी कसली जातात: एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच गव्हाच्या शिवारात फिरून खुंट्या ठोकतात, कुणी शेजारच्या गवताच्या पट्टीत किंवा वाटेत नांगर घातला का ते बघतात, आणि पुढच्या आठवड्यात कोर्ट लीट नावाच्या जुन्या ग्रामन्यायालयात दंड होतो. या गावाचा १६३५ चा मार्क पिअर्सचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्ट्या तर आहेतच, पण नांगरणारी आणि कापणी करणारी माणसंही काढली आहेत. नकाशा काढून घेणारा जमीनदार सर विल्यम कोर्टन. १६३६ साली जॉन वेडेलच्या हाताखाली गोव्याकडे निघालेल्या जहाजांच्या ताफ्यामागे याच कोर्टनचा पैसा होता. ताफा निघाल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला.

दगडांबद्दल थोडं. थडग्यावरची अक्षरं वाचायला बहुतेक जण सकाळी जातात. पण दगडांची तोंडं सहसा पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात, त्यामुळे भर दुपारी, सूर्य दक्षिणेला असताना, प्रकाश दगडाला घासून जातो आणि झिजलेलं अक्षर सावलीने उठून दिसतं. ढगाळ दिवशी बाजूने धरलेला टॉर्च हेच काम करतो. तारेचा ब्रश, खडू किंवा दाढीचा फेस कधीही लावू नये. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरं त्यांच्याबरोबर जातात. गरिबांची थडगी मात्र शोधू नका. त्यांच्यावर दगड क्वचितच असे.

पेटीतले कागद आता बहुतेक ठिकाणी काउंटी रेकॉर्ड ऑफिसांत आहेत. नोंदवह्या बऱ्यापैकी जपल्या गेल्या. गरिबांचे जबाब आणि हद्दपारीचे, म्हणजे हक्काच्या गावी परत पाठवण्याचे, हुकूम रद्दी म्हणून कित्येक ठिकाणी गेले. तेव्हा एखाद्या गावाच्या यादीत ते नसले तर शोध तिथे थांबवू नये. हद्दपारीच्या प्रत्येक हुकुमात दोन गावं गुंतलेली असत, एक पाठवणारं आणि एक घेणारं, आणि हुकुमाची प्रत दोन्हीकडे राही. घेणाऱ्या गावाने अपील केलं असेल तर तिसरा संच काउंटीच्या तिमाही न्यायसभेच्या दप्तरात असतो, साक्षीदार आणि वकिलांच्या खर्चासकट. म्हणून आधी शेजारच्या गावांच्या याद्या, मग न्यायसभेचं दप्तर, या क्रमाने जावं. आणि आडनाव तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून शोधावं, कारण कारकुनाने ते ऐकलं तसं लिहिलेलं असतं.